बर्फावर आधी टायर, मग चार चाकांची ताकद

कॅनडातल्या क्युबेक प्रांताने २००८ साली हिवाळी टायर सक्तीचे केले. आता १ डिसेंबर ते १५ मार्च या काळात तिथल्या प्रवासी मोटारींना ते लावावेच लागतात, आणि गाडी ‘ऑल-व्हील ड्राइव्ह’ आहे म्हणून सूट मिळत नाही. शेजारच्या ओन्टारिओत अशी सरसकट सक्ती नाही. त्यामुळे टोरांटोच्या परिसरात राहायला आलेल्या मराठी कुटुंबांना पहिल्या हिवाळ्याआधी स्वतःच ठरवावे लागते: जादा पैसे चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत घालायचे, की टायरांत? माझ्या मते आधी टायरांत, आणि त्याचे कारण साध्या भौतिकशास्त्रात आहे.

इंजिनाची ताकद दोन चाकांना जाते की चारांना, याने गाडी सुटताना आणि चढताना फरक पडतो. ब्रेक मात्र प्रत्येक गाडीत चारही चाकांना असतात. थांबायला लागणारे अंतर ठरते वेगावर आणि टायर व रस्ता यांच्यातल्या घर्षणावर. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कोरड्या डांबरावर, घर्षणांक ०.८ धरला तर, ब्रेक लागल्यापासून साधारण १२ मीटरांत थांबते. चेपलेल्या बर्फावर तो ०.२ झाला तर ४९ मीटर लागतात, ०.३ झाला तर ३३. बर्फागणिक हे आकडे बदलतील, पण मधले १६ मीटर हिवाळी टायरच मिळवून देऊ शकतो. तापमान ७ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की उन्हाळी टायरचे रबर कडक होत जाते. हिवाळी टायरचे मऊ राहते आणि त्याच्या नक्षीतल्या असंख्य बारीक चिरा बर्फाला धरतात. वळणावरही हीच पकड कामाला येते.

चढावर तरी चार चाके हवीतच ना? हिशेब करून पाहू. घर्षणांक ०.२ असताना ऑल-व्हील ड्राइव्ह गाडी जास्तीत जास्त २० टक्के चढ चढेल. पुढच्या चाकांवर ६० टक्के वजन असलेली साधी गाडी ०.३ देणाऱ्या टायरांवर, चढात मागे सरकणारे वजन धरूनही, १७ टक्क्यांपर्यंत जाते. शहरातले बहुतेक रस्ते याहून पुष्कळ सौम्य असतात.

आणखी एक धोका मला जास्त गंभीर वाटतो. साध्या गाडीचे चाक सुटतानाच घसरते आणि रस्ता निसरडा असल्याची खबर देते. ऑल-व्हील ड्राइव्ह गाडी सहज वेग घेते, आणि ती खबर चालकाला थेट ब्रेक दाबल्यावर मिळते.

ज्यांचे घर तीव्र चढावर आहे, ज्यांना बर्फ काढणारे यंत्र फिरण्याआधी पहाटे कामावर निघावे लागते, त्यांनी ऑल-व्हील ड्राइव्ह जरूर घ्यावी, पण हिवाळी टायरांसह. मनालीच्या वर ताजी बर्फवृष्टी झाल्यावर फोर-बाय-फोर गाड्यांनाच पुढे सोडतात, तेही रास्तच आहे. तिथे अडकलेली एक गाडी सगळा घाट बंद करते. बाकीच्यांनी खर्चही पाहावा. ऑल-व्हील ड्राइव्हचे वजन आणि इंधन बारमाही वाढते, शिवाय चारही टायरांची झीज सारखी ठेवावी लागते, नाहीतर ताकद वाटणाऱ्या यंत्रणेवर ताण येतो. हिवाळी टायरांचा दुसरा संच महाग वाटतो खरा, पण तो वापरात असताना उन्हाळी संच झिजत नाही.