राखेतला पारा आणि पोटातले बाळ

चंद्रपुरात वाळत घातलेल्या कपड्यांवर राख बसते, हे आपल्या आयाबायांना सांगायला नको. राख झटकता येते. तिच्यासोबत आलेला पारा मात्र झटकून जात नाही.

कोळशात पारा अगदी थोडा असतो. पण इथले महाऔष्णिक वीज केंद्र 2920 मेगावॅटचे. रोज हजारो टन कोळसा जळतो, मग थोड्याचेही पुष्कळ होते. जळताना पाऱ्याची वाफ होते. काही धुराड्यातून वर जाते, काही राखेला चिकटते, आणि पावसाबरोबर मातीत-पाण्यात उतरते. पारा हा धातू. तो कुजत नाही, मातीच्या वरच्या थरात धरून राहतो.

खरा धोका गाळात आहे. साचलेल्या पाण्याखाली जिवाणू त्याचा मिथाइल पारा करतात, आणि तो अंगात भिनतो. धानाच्या बांधीतही हे होऊ शकते. किड्यातून मासोळीत, मासोळीतून मरळीत, असा तो वाढत जातो. इरई वर्धेला मिळते, वर्धा-वैनगंगेची प्राणहिता होऊन गडचिरोलीच्या कडेने वाहते. तेव्हा हा प्रश्न एकट्या दुर्गापूरचा नाही.

जपानच्या मिनामाता गावी कारखान्याच्या सांडपाण्यातला पारा माशांत गेला. 1956 मध्ये आजार उघड झाला. हातपाय बधिर, चालताना तोल जाणे, नजर आकसणे. कित्येक आया वरून धडधाकट दिसत होत्या, त्यांची बाळे मात्र जन्मतः मेंदूने अधू निघाली. पारा वारेतून बाळापर्यंत पोचतो.

म्हणून मासे सोडा, असे आम्ही सांगणार नाही. गरिबाच्या ताटात तेवढेच तर सत्त्व असते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईने मोठ्या मरळीऐवजी लहान मासोळी खावी. धुऊन, शिजवून पारा जात नाही. केंद्राची राख अंगणात भरायला किंवा भाजीच्या वाफ्यात टाकायला आणू नका. राख भरायच्या कामावर जाणाऱ्यांचे कपडे लेकरांच्या कपड्यांत धुऊ नका.

नेहमीच्या रक्त तपासणीत पारा दिसत नाही. त्यासाठी रक्ताची वा केसांची वेगळी तपासणी लागते. ती एकेकट्याला परवडणारी नाही. विहारात बसून अर्ज लिहा: आमच्या वस्तीची माती, तळ्याचा गाळ आणि मासे तपासा. एक प्रत महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला, एक जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना. पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.