बचत गटाची बैठक : ती टिकते कशी व मोडते कां

लातूर व नांदेड या जिल्ह्यांतील पुष्कळ गांवांत आज स्त्रियांचे बचत गट आहेत. आमचे कित्येक शेतकरी बंधु त्यांस बायकांची भिशी समजून त्यांकडे दुर्लक्ष करितात. परंतु भिशी व गट यांत मोठा भेद आहे. भिशी पैसे गोळा करून पाळीनें वाटते आणि तेथेंच संपते. गट मात्र बैठकींत विचार करून निर्णय घेतो व कोणा मुकादमावांचून तो अमलांत आणतो. हें सामर्थ्य कशानें येतें व कशानें जातें, हें शेतकऱ्यानें जाणून घेणें अगत्याचें आहे.

आमच्या भागांत या शक्तीचा मोठा प्रत्यय एका संकटांत आला. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे किल्लारीच्या परिसरांत भूकंप होऊन लातूर व उस्मानाबाद (आतांचा धाराशिव) या जिल्ह्यांत हजारों माणसें दगावलीं. पुढें घरांच्या दुरुस्तीचें व मजबुतीकरणाचें काम निघालें, तेव्हां गांवोगांवच्या स्त्रियांस ‘संवाद सहायक’ नेमण्यांत आलें. सरकारी मदत कशी मिळते, घर भूकंपास टिकेल असें कसें बांधावें, हें समजून घेऊन घरोघर सांगणें हें त्यांचें काम होतें. श्रीमती प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेचें त्यांस साह्य होतें. घरें उभीं राहिलीं, पण बैठकी थांबल्या नाहींत. बचत, कर्ज, पाणी, आरोग्य व पुढें शेती असे एकेक विषय त्यांत येऊं लागले.

याच सुमारास, १९९२ सालीं, नाबार्डनें बचत गट बँकांशीं जोडण्याचा उपक्रम आरंभिला. गटाची पंचसूत्री आतां सर्वत्र माहीत आहे: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड व चोख हिशेब. यांत बैठक पहिली आहे, हें योग्यच होय. समजा, १२ बायांनीं दरमहा १०० रुपये टाकिले, तर वर्षाअखेर १४,४०० रुपये होतात. रक्कम लहान दिसते. परंतु मृगाच्या तोंडावर बियाण्याची नड पडली असतां सावकाराची पायरी चढावी लागत नाहीं, आणि व्याज गटाच्याच पदरीं राहतें.

कर्ज कोणास आधीं द्यावें, हा बैठकीच्या कसोटीचा प्रश्न असतो. चांगल्या गटांत प्रत्येकजण आपली नड सर्वांसमक्ष सांगते, वाद होतो, आणि जिची नड अधिक तिला आधीं मिळतें. आपणच ठरविलेलें असल्यामुळें परतफेडीचा तगादाही आपणच करावा लागतो. त्यास बाहेरचा वसुलीदार लागत नाहीं.

गट मोडतात ते बहुधा पैशाच्या तुटीनें नव्हे, तर सर्व सूत्रें एका हातीं गेल्यानें. वह्या, पासबुक व बँकेची ये-जा एकाच बाईकडे राहिली, म्हणजे इतर जणी केवळ अंगठा देण्यापुरत्या येतात. पुढें येईनाशा होतात. अखेर संशय शिरतो. यास उपाय साधे आहेत. अध्यक्षपद व सचिवपद ठराविक मुदतीनें फिरतें ठेवावें. बँकेंतील रक्कम एकीच्या सहीनें निघूं नये. प्रत्येक बैठकीच्या शेवटीं जमाखर्च मोठ्यानें वाचावा, म्हणजे निरक्षर बाईसही आपला पैसा कोठें आहे हें कळतें. बोलण्याची पाळी वर्तुळानें फिरवावी. नाहींतर मोठ्या घरची सून बोलते व शेतमजूर बाई ऐकत राहते.

या बैठकींचें फळ शेतांतही दिसलें आहे. मराठवाड्यांतील अवर्षणाच्या काळांत अनेक स्त्रियांनीं घरच्या जमिनींतून अर्धा-एक एकर आपल्या विचारानें कसण्यास मागून घेतला. त्यांत एकट्या सोयाबीनऐवजीं भाजीपाला, डाळी, ज्वारी अशीं कमी पाण्याचीं मिश्र पिकें घेतलीं. एक पीक फसलें तरी घरचें ताट रिकामें राहिलें नाहीं. या कार्यासाठीं ‘स्वयं शिक्षण प्रयोगा’स २०१७ सालीं संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचें इक्वेटर पारितोषिक मिळालें.

‘बैठकींत बायकांचा वेळ जातो,’ असा आक्षेप आम्ही ऐकतों. महिन्यांतून दोन-चार तास जातात, हें खरें. पण पेरणी, खुरपणी व वेचणी यांचा मोठा भार जिच्या शिरावर, तिला घरच्या शेतीच्या विचारांत वांटा नसावा, हें कोणत्या न्यायानें? वाचकांस आमची विनंती इतकीच कीं, बैठकीच्या दिवशीं घरचें काम आपण थोडें उचलावें. गटाच्या कर्जावर आपला हक्क सांगूं नये. आणि येत्या हंगामांत एक एकराचें पीक घरच्या लक्ष्मीस ठरवूं द्यावें. वर्षाअखेर दोन्ही हिशेब शेजारीं ठेवून पाहावे.