आत्मविश्वास आणि पूर्वतयारी

आत्मविश्वास जन्मतःच लाभावा लागतो, असा पुष्कळांचा समज आहे. आम्हांस तो मान्य नाहीं. आमच्या मारुंजीहून फार दूर नसलेल्या पुण्यांत १८४८ सालीं मुलींची शाळा निघाली. तेथें शिकवावयास जातांना सावित्रीबाई फुले यांच्यावर लोक शेण व चिखल फेंकीत. बाई दुसरें लुगडें बरोबर नेत आणि शाळेंत पोंचतांच तें नेसून धडा सुरू करीत. लोक शांत होण्याची त्यांनीं वाट पाहिली नाहीं. आपणही हेंच करावें. उद्यांचा धडा आज मोठ्यानें वाचावा. वर्गांत रोज एक तरी प्रश्न विचारावा. उत्तर चुकल्यास हंशाकडे दुर्लक्ष करून तें दुरुस्त करावें. तयारी असली म्हणजे भीतीचा भार हलका होतो.