काखेत कळसा, पडद्यावर वळसा

सिअ‍ॅटलच्या बिग फिश गेम्सचा ‘मिस्टरी केस फाइल्स: हंट्सव्हिल’ हा खेळ २००५ मध्ये आला आणि अडगळीतल्या वस्तू हुडकण्याचा छंद संगणकावर रुजला. त्याच मालिकेतल्या ‘रिटर्न टू रेव्हनहर्स्ट’ने (२००८) त्याला कोड्यांची आणि हिंडायला अख्ख्या वाड्याची जोड दिली. खरी गंमत तिथून सुरू होते. सापडलेल्या किल्लीने पुढचं दार उघडलं पाहिजे. शोधायच्या वस्तूंच्या यादीतलं नाव नुसतं खोडून भागत नाही. वस्तू लपवावी, पण डोळ्यांदेखत. काळोखात काळं मांजर दडवणं ही निव्वळ लबाडी! २०१७ च्या ‘हिडन फोक्स’मध्ये तर रंगच नाहीत, हाताने रेखाटलेली कृष्णधवल गर्दी आणि सगळे आवाज चक्क तोंडाने काढलेले. खेळून बघा, फक्त ‘हिंट’ मागायची घाई नको.