घाटाच्या वरचं पाणी

शनिश्चरी अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी उज्जैनच्या त्रिवेणी घाटावर चपला-बुटांचे आणि ओल्या कपड्यांचे ढीग पडलेले असतात. शनीची पनौती अंगावरच्या वस्त्रांसकट इथेच सोडून जायची, अशी रीत आहे. लोक डुबकी मारतात, कोरडे कपडे चढवतात आणि अनवाणी घरी जातात. मागे उरलेलं सगळं सफाई कामगार गोळा करतात आणि प्रशासन त्याचा लिलाव करतं. ज्याची पनौती त्याला लखलाभ; ढीग मात्र कुणाला तरी उचलावाच लागतो.

डुबकीला पाणी लागतं, आणि खरी कसरत तिथेच आहे. त्रिवेणीला कान्ह नदी क्षिप्रेला मिळते. कान्ह म्हणजे इंदूर शहराच्या पोटातून वाहत, त्याचं सांडपाणी घेऊन येणारी नदी. मोठं पर्व जवळ आलं की संगमाच्या अलीकडे डंपर मुरूम-माती ओतू लागतात, पोकलेन ती दाबत जातं आणि एक कच्चा बांध उभा राहतो. बांधाच्या एका अंगाला काळं, फेसाळ पाणी चढत राहतं, दुसऱ्या अंगाला भाविकांसाठी आणलेलं नर्मदेचं पाणी. बांध टिकला तर पर्व निभावलं. फुटला तर सगळं एक होतं. असे बांध वर्षानुवर्षं बांधले गेले आणि वर्षानुवर्षं वाहून गेले.

5 जानेवारी 2019 च्या शनिश्चरी अमावास्येला तर पाणीच वेळेवर पोहोचलं नाही. भाविकांना चिखल आणि फवारे यांच्यावर भागवावं लागलं. राज्य सरकारने जिल्हाधिकारी आणि विभागीय आयुक्त दोघांनाही हलवलं. नदीत पाणी नाही म्हणून जिल्हाधिकाऱ्याची खुर्ची जावी, असं उदाहरण विरळाच. क्षिप्रेचं मोल उज्जैनला किती आहे हे त्यातून कळतं. मात्र उज्जैनच्या घाटावर नदीला पाणी येत नाही. ते येतं वरून, दुसऱ्या जिल्ह्यांतल्या शेतांतून, नाल्यांतून, तळ्यांतून. क्षिप्रा राखणारी माणसं शोधायची तर घाटाच्या पायऱ्या चढून वर जायला हवं.

माळव्याची माती

क्षिप्रा उगम पावते इंदूर जिल्ह्यात, उज्जैनी नावाच्या खेड्याजवळच्या टेकड्यांत. तिथून उत्तरेकडे सुमारे 195 किलोमीटर वाहून ती चंबळेला मिळते. हिमनद्या नाहीत, मोठं जंगल नाही. पावसाळ्यात पडणारा सुमारे 900 मिलिमीटर पाऊस आणि तो धरून ठेवणारी माती, एवढीच तिची पुंजी. खाली बेसॉल्टचा कातळ, त्यावर मुरुमाचा थर, त्यावर काळी कसदार माती. मराठवाड्यातल्या वाचकाला हे चित्र ओळखीचं वाटेल. दख्खनचा तोच कातळ इथवर पसरलेला आहे. असा कातळ पाणी फारसं साठवत नाही. जे मुरतं ते वरच्या मुरुमात आणि कातळाच्या भेगांत, आणि तेच पुढे हिवाळाभर झिरपत नदीला जिवंत ठेवतं.

एके काळी माळव्यातला शेतकरी पावसाळ्यात काळी रानं बरीचशी मोकळी ठेवायचा आणि ओलीवर रब्बीचा गहू घ्यायचा. 1970 नंतर सोयाबीन आलं आणि पावसाळ्यातली मोकळी रानं पिकाखाली गेली. गव्हाचे नवे वाण आले, त्यांना चार-पाच पाणी द्यावी लागतात. ती देण्यासाठी कूपनलिका आल्या. नदीकडे झिरपणारं पाणी वाटेतच मोटारींनी उचललं. यात कुणी खलनायक नाही. सोयाबीनने माळव्याच्या घराघरात पैसा आणला आणि नदीचा हिवाळी ओघ नेला.

रेवासागर

याचा चटका सगळ्यात आधी शेजारच्या देवासने सोसला. कुमार गंधर्वांच्या या गावाला 1990 साली रेल्वेने पाणी पुरवावं लागलं होतं. सोळा वर्षांनी, 2006 मध्ये, उमाकांत उमराव जिल्हाधिकारी म्हणून आले. पाणी वाचवा, पुण्य लागेल, असं त्यांनी शेतकऱ्यांना सांगितलं नाही. त्यांनी हिशेब मांडला. कूपनलिकेवर किती घातलेत, त्यातल्या किती कोरड्या गेल्या, कर्ज किती झालं? तेच पैसे आणि शेताचा एक लहानसा तुकडा तळ्याला दिलात तर उरलेल्या रानात दोन पिकं निघतील की नाही, सांगा. पहिली हाक त्यांनी ट्रॅक्टर बाळगणाऱ्या मोठ्या शेतकऱ्यांना दिली. भूजल जास्त उपसणारे तेच होते, आणि खोदाईचा खर्च झेपणारेही तेच.

मोहिमेचं नाव भागीरथ कृषक अभियान. तळ्याला नाव दिलं रेवासागर, रेवा या नर्मदेच्या नावावरून. पहिली तळी शेतकऱ्यांनी पदरच्या पैशाने आणि बँकेच्या कर्जाने खोदली. सरकारी अनुदानाची बलराम ताल योजना नंतर, 2007 मध्ये आली. बघता बघता जिल्ह्यात हजारो तळी झाली. या जिल्ह्याचं काही पाणी क्षिप्रेकडे उतरतं, काही काळ्या सिंधेकडे, दक्षिणेकडचं नर्मदेकडे. म्हणजे एका जिल्ह्याच्या खोदकामाचा लाभ तीन नद्यांना.

महाराष्ट्रातल्या वाचकाने इथे जरा थांबावं. आपल्याकडचं शेततळं म्हणजे पुष्कळदा प्लास्टिकचा कागद अंथरलेली टाकी, आणि ती भरते विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याने. जमिनीत असलेलं पाणी वर काढून उन्हात वाळवायचा हा प्रकार. रेवासागर कागदाविना, पावसाच्या वाहत्या पाण्याने भरतो. त्यातलं काही पिकाला जातं, काही मुरतं. दोन्हींचं नाव सरकारी यादीत ‘शेततळं’च असतं, पण एकाने भूजल घटतं आणि दुसऱ्याने वाढतं. देवासचं श्रेय या फरकात आहे, तळ्यांच्या संख्येत नंतर. पाणलोटाच्या बाबतीत मध्य प्रदेशाने आपल्याकडून शिकल्याचं आपण अभिमानाने सांगतो, आणि ते खोटं नाही; 1994 साली तिथे सुरू झालेल्या राजीव गांधी पाणलोट अभियानामागे राळेगणसिद्धीचं उदाहरण होतं. परतीचा धडा घ्यायला मात्र आपण विसरलो.

उसनं पाणी

शेतकरी तळी खोदत असताना सरकारने दुसरा, अधिक डोळ्यांत भरणारा मार्ग धरला. 29 नोव्हेंबर 2012 रोजी नर्मदा–क्षिप्रा सिंहस्थ जोडप्रकल्पाची पायाभरणी झाली आणि फेब्रुवारी 2014 मध्ये उज्जैनी गावाजवळ नर्मदेचं पाणी क्षिप्रेच्या पात्रात पडलं. ओंकारेश्वर प्रकल्पाच्या सिसलिया तलावातून सेकंदाला 5 घनमीटर पाणी उचलायचं, चार टप्प्यांत 348 मीटर वर चढवायचं आणि 49 किलोमीटर पाइपातून आणायचं, अशी ही योजना. खर्च 432 कोटी रुपये. मराठी ‘उपसा सिंचन’ ज्याने पाहिलं आहे त्याला पुढचा प्रश्न लगेच सुचेल: विजेचं काय? पाइपातलं घर्षण आणि पंपांमधली घट सोडून दिली तरी एवढं पाणी एवढं उंच चढवायला सुमारे 17 मेगावॉट लागतात. म्हणजे पूर्ण क्षमतेने चालवलं तर दिवसाला चार लाख युनिट. 2016 चा सिंहस्थ या पाण्यावर पार पडला, हे नाकारता येणार नाही. पण हे पाणी मागवल्यावर येतं. पंपांवरची माणसं कळ दाबतात आणि नदी वाहते. कळ बंद, नदी बंद. शिवाय उघड्या पात्रातून येताना काठावरच्या मोटारी ते ओढतात, म्हणून पुढे उज्जैनपर्यंत वेगळी पाइपलाइनही टाकावी लागली.

इंदूरची दोन नावं

आता कान्ह. विसाव्या शतकात इंदूरने सांडपाण्याच्या आणि कचऱ्याच्या शास्त्रात जगाला दोन मोठ्या गोष्टी दिल्या, हे या कथेतलं विचित्र वळण आहे. होळकर दरबाराने बोलावलेल्या नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी 1918 मध्ये शहररचनेचा दोन खंडांचा अहवाल दिला. मैला नदीत न सोडता बागांना द्यावा, नदीकाठ मोकळे करावेत, असा त्यात आग्रह होता. त्याच शहरात 1924 ते 1931 या काळात कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी कंपोस्ट खताची पद्धत बसवली. ती आजही जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणूनच ओळखली जाते. एवढं शहाणपण अंगणात असताना नंतरच्या इंदूरने कान्ह आणि सरस्वती या नद्यांचा नाला केला.

तो नाला परत सोडवण्याचं काम महापालिकेच्या मलनिस्सारण कामगारांनी केलं, आणि ते जवळून बघण्यासारखं आहे. नाल्याच्या दोन्ही भिंतींतून घराघरांचे पाइप बाहेर आलेले असतात. काही उघड, काही गाळात, काही एखाद्या संडासाच्या मागून गुपचूप जोडलेले. एकेक शोधायचा, कुणाचा आहे ते ठरवायचं, भांडण ऐकून घ्यायचं, आणि मुख्य वाहिनीला जोडायचा. एक सुटला तरी पाणी काळंच. अशी हजारो तोंडं बंद झाल्यावर काही नाले खरोखर कोरडे पडले. पालिकेने त्यांत क्रिकेटचे सामनेही भरवले. ऑगस्ट 2021 मध्ये सांडपाण्याच्या व्यवस्थेसाठीचं ‘वॉटर प्लस’ प्रमाणपत्र मिळवणारं देशातलं पहिलं शहर म्हणून इंदूर जाहीर झालं.

त्याच वर्षी डिसेंबरात उज्जैनमध्ये साधू-संत रस्त्यावर उतरले. कान्हचं पाणी अजून काळंच येतंय, असं त्यांचं म्हणणं होतं. दादूराम आश्रमाचे महंत ज्ञानदास यांनी तर अन्न सोडलं. देवासच्या कारखान्यांचं पाणी नागधम्मन नाल्यातून क्षिप्रेत येतं, हेही त्यांनी बोलून दाखवलं. इंदूरचं प्रमाणपत्र आणि उज्जैनचं उपोषण, दोन्ही एकाच नदीबद्दल. प्रमाणपत्र शहराला मिळतं, नदी शहराच्या हद्दीपुढेही वाहत असते आणि वाटेतली गावं, वसाहती, कारखाने तिच्यात भर घालत राहतात.

पाणी राखणारा माणूस इंदुरातही भेटतो. शहराच्या पश्चिमेला सिरपूर तळं आहे, होळकरांच्या काळातलं. गेल्या शतकाच्या अखेरीस त्याची अवस्था अतिक्रमण, शिकार, सांडपाणी आणि जलपर्णी अशी झाली होती. भालू मोंढे हे इंदूरचे मराठी चित्रकार आणि छायाचित्रकार. पक्षी टिपायला गेलेल्या या माणसाने तळंच अंगावर घेतलं. ‘द नेचर व्हॉलंटिअर्स’ ही संस्था उभी केली, पहारे दिले, पक्ष्यांच्या नोंदी ठेवल्या, अधिकाऱ्यांचे उंबरे झिजवले. 2016 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. 2022 मध्ये सिरपूर रामसर स्थळ झालं. त्याच वर्षी हा मान यशवंतसागर तलावालाही मिळाला. त्याचं उज्जैनशी नातं थेट आहे: यशवंतसागर गंभीर नदीवर आहे, आणि त्याच नदीवर खाली, 1992 च्या सिंहस्थाच्या वेळी बांधलेल्या धरणातून उज्जैन पाणी पितं.

सात सागर आणि एक तारीख

उज्जैनकरांनी काहीच केलं नाही असं नाही. शहराची जुनी पाणीव्यवस्था म्हणजे सप्तसागर: रुद्रसागर, पुष्करसागर, क्षीरसागर, गोवर्धनसागर, रत्नाकरसागर, विष्णुसागर, पुरुषोत्तमसागर. अधिक मासात बायका या सातांची यात्रा करतात. रुद्रसागराला मीठ, क्षीरसागराला खीर, गोवर्धनसागराला लोणी-खडीसाखर, पुरुषोत्तमसागराला मालपुवे. पावसाचं पाणी शहरात अडवणाऱ्या तळ्यांची ही हजेरीच म्हणायची, आणि ती बायकांनी चुकू दिली नाही. तळी मात्र चुकली. गोवर्धनसागरावरचं अतिक्रमण हरित लवादापर्यंत गेलं. रुद्रसागर गटार झालं होतं, ते महाकाल मंदिर परिसराच्या ‘महाकाल लोक’ या विस्ताराच्या कामात साफ झालं.

राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी अठराव्या शतकात महाकालाचं मंदिर पुन्हा उभं केलं. त्या मंदिरातून आज रोज पाच-सहा टन फुलं-पानं निघतात. ती नदीत न जाता गाड्यांतून प्रक्रिया केंद्रात जातात आणि शिवार्पण बचतगटाच्या बायका त्यांच्या अगरबत्त्या आणि इतर वस्तू करतात. पाणलोटाच्या मानाने काम छोटं आहे, पण रोजचं आहे.

पुढचा सिंहस्थ 2028 मध्ये, आणि आता सगळ्या कामांची मुदत तीच. दोन योजना मोठ्या आहेत. एक सिलारखेडी–सेवरखेडीची, सुमारे 614 कोटींची: पावसाळ्यात वाहून जाणारं क्षिप्रेचंच पाणी उचलून सिलारखेडी तलावात साठवायचं आणि उन्हाळ्यात पात्रात सोडायचं. नर्मदेच्या उसन्या पाण्यापेक्षा हा विचार निश्चितच सरस आहे. दुसरी योजना 919 कोटींची. कान्हचं पाणी जमालपुऱ्याजवळ अडवून, 30 किलोमीटरच्या बंदिस्त कालव्यातून आणि बोगद्यातून उज्जैनला वळसा घालून गंभीर धरणाच्या खाली सोडायचं. 2016 च्या सिंहस्थासाठी टाकलेल्या पाइपाने हेच काम करायचं होतं. कान्हचा लोंढा त्यात मावला नाही.

गंभीर उज्जैनच्या पुढे क्षिप्रेलाच मिळते. त्या खालच्या अंगाला क्षिप्रेकाठी महिदपूर आहे, जिथे 21 डिसेंबर 1817 रोजी होळकरांचं सैन्य इंग्रजांकडून हरलं. तिथे सिंहस्थ भरत नाही, आखाड्यांचे तंबू लागत नाहीत. नदीचं पाणी वापरणारी शेतं आणि गावं आहेत. उज्जैनला वळसा घालून गेलेलं पाणी त्यांच्याकडे कसं पोहोचतं, हे बोगद्याच्या लांबीवर ठरणार नाही; ते इंदुरातल्या शुद्धीकरणावर ठरेल. ‘नमामि गंगे’खाली कान्ह आणि सरस्वतीसाठी इंदूरला 195 दशलक्ष लिटर रोजच्या क्षमतेची नवी शुद्धीकरण केंद्रं मंजूर झाली आहेत, 511 कोटी रुपयांची. ती पूर्ण क्षमतेने आणि बारा महिने चालतात का, याचा जाब महिदपूरच्या शेतकऱ्याने इंदूरला विचारावा अशी सोय मात्र अजून कुठल्याच योजनेत नाही.