बेसी कोलमनची शाळा

अमेरिकेतल्या एकाही विमानशाळेनं बेसी कोलमनला दारात उभं केलं नाही. एक तर बाई, त्यातून काळी. १८९२ साली टेक्सासमध्ये जन्मलेली, कापूस वेचत वाढलेली ही मुलगी १९१५ साली शिकागोला आली आणि केशकर्तनालयात गिऱ्हाइकांच्या नखांची निगा राखू लागली. महायुद्धात फ्रान्स पाहून आलेला भाऊ जॉन तिला डिवचायचा, तिथल्या बायका विमानं उडवतात, तुम्हाला काय जमणार! तिनं ते मनावर घेतलं. ‘शिकागो डिफेंडर’ या वृत्तपत्राचे रॉबर्ट ॲबट म्हणाले, फ्रान्सलाच जा. फ्रेंच शिकून, चार पैसे गाठीला बांधून नोव्हेंबर १९२० मध्ये ती बोटीत बसली.

ल क्रोतुआच्या कोद्रों बंधूंच्या शाळेत तिच्यादेखत एक सहाध्यायी अपघातात गेला. तरी ती मागे हटली नाही. १५ जून १९२१ रोजी तिला आंतरराष्ट्रीय परवाना मिळाला. पुढे जगप्रसिद्ध झालेल्या वैमानिक अमेलिया एअरहार्टला तो मिळाला १९२३ साली.

नुसत्या परवान्यानं पोट कुठलं भरायला? पैसा होता तो जत्रा-मेळ्यांतल्या हवाई कसरतींत. त्याही मायदेशी कुणी शिकवेना, म्हणून पुन्हा युरोपवारी. सप्टेंबर १९२२ मध्ये न्यूयॉर्कजवळ तिनं पहिलं जाहीर उड्डाण केलं. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियात इंजिन बंद पडून विमान कोसळलं, पाय मोडला, बरगड्या मोडल्या.

‘पहिली कृष्णवर्णीय वैमानिक’ हे बिरुद सगळेच लावतात. मला तिचं फाटकावरचं भांडण जास्त मोलाचं वाटतं. बालपण गेलं त्या वॅक्साहॅची गावात तिचा कार्यक्रम ठरला, तेव्हा आयोजकांनी गोऱ्यांना एक फाटक आणि काळ्यांना दुसरं असा बेत केला. फाटक एकच असेल तर उडेन, असं तिनं बजावलं. आयोजक नमले. आत बसायच्या जागा मात्र वेगळ्याच राहिल्या. म्हणजे जिंकली ती अर्धीच. पण त्या काळच्या टेक्सासमध्ये हे अर्धंही कुणी सुखासुखी देत नव्हतं.

आपल्या लोकांसाठी विमानशाळा काढायचा तिला ध्यास होता. त्यासाठी व्याख्यानं दिली, ऑरलँडोत ब्यूटी पार्लरही चालवलं. ३० एप्रिल १९२६ रोजी जॅक्सनव्हिलला ती सरावासाठी उडाली. विमान जुनं ‘जेनी’, चालवायला मेकॅनिक विल्यम विल्स. दुसऱ्या दिवशीच्या पॅराशूट उडीची जागा वाकून पाहता यावी म्हणून तिनं पट्टा बांधला नव्हता. विमान अचानक सूर मारत उलटलं आणि ती बाहेर फेकली गेली. विल्सही वाचला नाही. नियंत्रण यंत्रणेत अडकलेला एक पाना नंतर सापडला. ती ३४ वर्षांची होती.

शाळा तिच्या हातून झाली नाही. १९२९ साली विल्यम पॉवेल यांनी लॉस एंजेलिसमध्ये तिच्या नावानं एरो क्लब काढला आणि तिथे कृष्णवर्णीय मुलामुलींना विमान शिकवायला सुरुवात केली.