विहिरीवरील पंपास किती अश्वशक्ती हवी?

बुलढाणा जिल्ह्यात चिखली व मेहकरकडील पठारावर बहुतेक विहिरी काळ्या खडकात खोदलेल्या आहेत. त्यांत पाणी खडकाच्या भेगांतून सावकाश झिरपते. अशा विहिरीवर केवळ शेजाऱ्याकडे पाहून मोठी मोटार बसविणे महागात पडते. शक्तीचा हिशेब समजल्यास हा खर्च टळतो.

ओझे वर उचलणे हे कार्य होय. ते किती वेळात झाले यावरून शक्ती ठरते. एक किलो वजन एक मीटर उचलण्यास सुमारे ९.८ ज्यूल कार्य घडते. सेकंदास एक ज्यूल कार्य म्हणजे एक वॉट, आणि ७४६ वॉट म्हणजे एक अश्वशक्ती.

पूर्वीच्या मोटेचे उदाहरण घ्यावे. दीडशे लिटरची मोट दहा मीटर खोलीवरून मिनिटास एकदा वर येत असेल, तर १४,७०० ज्यूल कार्य होते. त्यास ६० सेकंदांनी भागिले असता २४५ वॉट, म्हणजे अश्वशक्तीचा सुमारे तिसरा हिस्सा येतो.

पंपाचा हिशेबही असाच आहे. चालू पंपाने २०० लिटरचे पिंप ४० सेकंदांत भरले, तर उपसा सेकंदास ५ लिटर झाला. पाणी १८ मीटर चढवावयाचे असून नळातील घर्षणापोटी २ मीटर अधिक धरल्यास एकूण उंची २० मीटर होते. ५ × २० × ९.८ = ९८० वॉट, म्हणजे १.३ अश्वशक्ती. पंपाची कार्यक्षमता ५० टक्के धरल्यास याच्या दुप्पट, म्हणजे २.६ अश्वशक्ती लागते. तीन अश्वशक्तीची मोटार येथे पुरेशी होय.

परंतु हा पंप तासास १८,००० लिटर ओढतो. विहिरीस तेवढे पाणी आहे काय, हे आधी पाहावे. विहीर उपसून एका तासात पाणी किती चढते ते मोजावे. ६ मीटर व्यासाच्या गोल विहिरीत ३० सेंटिमीटर पाणी चढल्यास आवक सुमारे ८,५०० लिटर असते. तेथे मोठा पंप साठा संपताच कोरडा चालू लागतो आणि मोटार जळण्याचा धोका उद्भवतो. तेवढ्याच उंचीवर सतत उपशास दीड अश्वशक्ती पुरते.

पाण्याची पातळी उन्हाळ्यात खोल जाते. म्हणून उंची त्याच पातळीपासून धरावी. गावोगावच्या कार्यकर्त्यांनी पिंप, घड्याळ व मोजपट्टी घेऊन हा हिशेब शेतकऱ्यांस विहिरीवरच करून दाखवावा. मोटार मोठी केल्याने पाणी लवकर उपसले जाते. विहिरीचे झरे मात्र वाढत नाहीत.